घरचं आहे म्हणून फुकट नाही : उत्पादनाचे चार घटक आणि तुमची हिशोबाची वही



मागच्या व्हिडिओत आपण कच्च्या मालाचा खर्च कसा काढायचा ते बघितलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, उत्पादनाचे घटक हा धडा आम्ही कॉलेजला पाठ केला, पेपरात लिहिला, मार्कही मिळाले. आता धंद्यात त्याचं काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकात भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक अशी चार नावं असतात, पुढे खंड, वेतन, व्याज आणि नफा असे चार मोबदले असतात, जोड्या लावा झालं की विषय संपतो. मीही तसाच शिकलो होतो. हा धडा मला खरा समजला तो माझ्या लाकडी घाण्यात, आणि त्याची फी चांगलीच महाग पडली. म्हणून आधी माझी वही उघडतो, पुस्तक नंतर.

माझ्या वहीतले 17 हजार

प्रशिक्षणाच्या कामात येण्याआधी मी आणि माझी बायको घरीच शेंगदाण्याचं तेल काढायचो. घराच्या पुढच्या खोलीत घाणा, मागच्या खोलीत तेल निवळायला ठेवलेली स्टीलची पिंपं, आणि दारात छोटं काउंटर. आकडे लक्षात राहायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, तुम्ही तुमचे टाका.

महिन्याला 25 दिवस, रोज 40 किलो शेंगदाणे. म्हणजे 1,000 किलो दाणे, 120 रुपये किलोने 1,20,000 रुपये. घाण्यावर शंभर किलो दाण्याला साधारण 40 किलो तेल पडायचं, म्हणजे 400 किलो तेल. 330 रुपये किलोने 1,32,000 रुपये. पेंड 580 किलो, 45 रुपयांनी 26,100. उरलेले 20 किलो गाळ आणि ओलाव्यात गेले असं धरा. एकूण जमा 1,58,100.

खर्च : दाणे 1,20,000, लाईट बिल 3,500, बाटल्या, लेबल, गाळायचं कापड, खोके मिळून 8,600, आणि अर्धा दिवस येणाऱ्या मदतनिसाचा पगार 9,000. बेरीज 1,41,100. जमेतून वजा केले की उरले 17,000.

मी वहीच्या शेवटच्या ओळीत लाल पेनने लिहायचो : निव्वळ नफा 17,000. खाली दोन रेघा मारायचो. लोकांना सांगायचो, घरबसल्या 17 हजार सुटतात. खोटं बोलत नव्हतो, मला तसं मनापासून वाटायचं.

दुसऱ्या वर्षी जूनच्या आधी बायकोकडे एका शाळेच्या गणवेशाची शिलाई आली. लग्नाआधीपासून ती शिवणकाम करायची. पण दुपारी तीन तास बाटल्या भरणं, सील करणं, लेबल लावणं हे तिच्याकडे होतं, आणि काउंटरवरही तिलाच बसावं लागायचं. तिने ऑर्डर नाही म्हणून सांगितली. मी म्हणालो, बरं झालं, आपलं काम महत्त्वाचं. त्या रात्री वही लिहीत होतो तेव्हा ती म्हणाली, "अहो, यात गड्याचा पगार आहे, लाईट बिल आहे, माझं काय लिहिलंय?"

मी हसून म्हणालो, "तुझा पगार कुठून काढायचा, तू तर घरची." ती पुढे काही बोलली नाही. पण झोपताना मी मनात हिशोब घालायला लागलो आणि सकाळपर्यंत तो 17,000 चा आकडा उभा राहू शकला नाही.

तो हिशोब पुढे देतो. त्याआधी चार घटक नीट समजून घेऊ, नाहीतर आकडे नुसते आकडे राहतील.

भूमी म्हणजे फक्त सातबारा नव्हे

धंद्याच्या भाषेत भूमी म्हणजे निसर्गाने दिलेलं सगळं : जागा, पाणी, ऊन, हवा, जमिनीखालचं खनिज. आपण ऊन कधी मोजत नाही, कारण त्याचं बिल येत नाही. पण पापड, कुरडया, सांडगे, वाळवणाचा कुठलाही धंदा करणाऱ्या ताईंना विचारा, ऊन गेलं की काय होतं.

लिज्जत पापडचं उदाहरण इथे चपखल बसतं. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. सगळे ते 80 रुपये लक्षात ठेवतात. मला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. माणसं होती, गिऱ्हाईक होतं, पिठाचे पैसे होते. नव्हतं फक्त ऊन. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा.

आता हे आपल्या विषयाच्या नजरेने बघा. भूमी हा घटक कमी पडला, तेव्हा त्या जागी थोडं भांडवल टाकलं. खाट आणि स्टोव्ह म्हणजे भांडवलच की! एका घटकाच्या जागी दुसरा घटक बसवणं, यालाच अर्थशास्त्रात घटकांचं प्रतिस्थापन म्हणतात. शब्द जड आहे, पण काम खाटेइतकं साधं आहे. तुमच्या धंद्यात कुठला घटक वर्षातून चार महिने दगा देतो आणि त्याच्या जागी काय बसवता येईल, हा प्रश्न आजच वहीत लिहून ठेवा.

जागेबद्दल अजून एक. चांगली जागा म्हणजे सुपीक किंवा बाजारपेठेतली जागा असं आपण धरून चालतो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला, पुढे तीच किर्लोस्करवाडी झाली. शेतीच्या दृष्टीने ती जमीन काही कामाची नव्हती. पण लोखंडी नांगर बनवणाऱ्याला काळी माती कशाला हवी? त्याला लोखंड आणि कोळसा आणायला, तयार नांगर पाठवायला रेल्वे हवी, आणि ती शेजारीच होती. म्हणजे जमीन एकच, शेतकऱ्याला तिची किंमत कमी, कारखानदाराला जास्त. मेन रोडच्या गाळ्यासाठी महिना 15 हजार भाडं भरून घरपोच डबे पुरवणारी मंडळी मी बघितली आहेत. डबा घेणारा माणूस त्या गाळ्यात एकदाही येत नाही! त्यांना रोड नकोच होता, त्यांना पाण्याची सोय असलेली मोठी खोली हवी होती, गल्लीत असली तरी चालली असती.

श्रम : हात आणि हातातलं कसब

श्रम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मजुरी येते. दिवसाचे इतके रुपये. पण एकाच मजुरीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, वेळ आणि कसब.

आमच्याकडे जो मदतनीस होता, तो पेंड चिमटीत दाबून सांगायचा की तेल पूर्ण सुटलं की अजून दहा मिनिटं घाणा चालवायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, वडिलांबरोबर बैलाच्या घाण्यावर काम करून आलं होतं. एकदा तो गावच्या जत्रेला आठ दिवस गेला. मी म्हटलं, बटण तर दाबायचंय, मी चालवतो. त्या आठ दिवसांत उतारा 40 वरून 36 टक्क्यांवर आला.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. रोज 40 किलो दाण्यावर 4 टक्के म्हणजे 1.6 किलो तेल कमी. 330 रुपयांनी 528 रुपये. तेवढीच पेंड जास्त पडली, तिचे 72 रुपये परत आले. म्हणजे रोजचा तोटा 456 रुपये. आणि त्याची रोजची मजुरी किती? 9,000 भागिले 25, म्हणजे 360 रुपये. त्याची मजुरी वाचवायला गेलो असतो तर मजुरीपेक्षा जास्त पैसे पेंडीत गेले असते. तो परत आल्यावर मी त्याचा पगार थोडा वाढवला. त्याला कारण सांगितलं नाही, सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

तर श्रम मोजताना फक्त हजेरी मोजू नका. या माणसाच्या हाताने माल किती बरा होतो, किती कमी वाया जातो, हेही मोजा. शिवणकाम, बेकरी, वेल्डिंग, पार्लर, कुठेही हे लागू आहे. आणि जर तुमच्या धंद्याचं सगळं कसब एकाच माणसाच्या बोटांत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी ते शिकवून ठेवा. जत्रा दरवर्षी येते.

भांडवल : मशीन घेतलं, दाणे कशाने घेणार?

इथे जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वात जास्त धंदे इथेच अडकलेले मी बघतो.

पहिली गोष्ट, अर्थशास्त्रात भांडवल म्हणजे माणसाने बनवलेलं उत्पादनाचं साधन : घाणा, ओव्हन, शिलाई मशीन, डिलिव्हरीची गाडी. पैसा हा ते साधन मिळवायचा मार्ग. बोलताना आपण दोन्हीला भांडवलच म्हणतो, चालतं. पण एक फरक मात्र लक्षात ठेवायलाच हवा, तो म्हणजे स्थिर भांडवल आणि खेळतं भांडवल. घाणा स्थिर. दाणे, बाटल्या, आणि गिऱ्हाइकाकडे अडकलेली उधारी, हे सगळं खेळतं.

माझ्या बॅचमध्ये एक दादा होते. कर्जाचे अडीच लाख मिळाले, अडीच लाखाचं मशीन घेतलं. उद्घाटन झालं, पेढे वाटले, पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी दाणे भरायला पैसे नाहीत! मग दुकानदाराकडून उधारीवर दाणे, आणि उधारीचा दर किलोला आठ-दहा रुपये जास्त. महिन्याला हजार किलो दाणे म्हटले तर आठ ते दहा हजार रुपये नुसते उधारीपायी गेले. बँकेचं व्याज बरं, अशी वेळ.

म्हणून माझा नियम असा आहे : प्रकल्प अहवाल लिहिताना मशीनच्या आकड्याखाली लगेच कमीत कमी दोन महिन्यांच्या कच्च्या मालाचा आणि पगाराचा आकडा लिहायचा. तो बसत नसेल तर मशीन लहान घ्या किंवा वापरलेलं घ्या. बँकेकडे मुदत कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाची मर्यादाही मागता येते, आपण ती मागतच नाही. मुद्रा योजनेतही कर्ज फक्त मशीनसाठीच मिळतं असा एक समज आहे, तो काढून टाका.

अनुदानाबद्दल प्रत्येक लाईव्हला विचारलं जातं, म्हणून दोन वाक्यं. अनुदानाने भांडवल स्वस्त होतं, फुकट होत नाही. 35 टक्के अनुदान असेल तर 65 टक्के तुमचे किंवा बँकेचे आहेत, आणि मशीन बंद पडून राहिलं तर ते 65 टक्के तुमच्याच डोक्यावर आहेत. योजना सध्या चालू आहे का, अटी काय आहेत, हे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर जाऊ नका.

आणि झीज. घाणा आज 2,40,000 चा आहे, आठ वर्षांनी तो भंगाराच्या भावात जाईल. म्हणजे दर महिन्याला त्याचे 2,500 रुपये तुम्ही तेलाबरोबर विकत आहात. ते बाजूला काढले नाहीत तर आठव्या वर्षी नवीन घाण्यासाठी पुन्हा कर्ज.

चौथा घटक : तुम्ही

ॲडम स्मिथच्या 1776 सालच्या ग्रंथात खंड, मजुरी आणि नफा असे तीनच मोबदले येतात. धंदा चालवणारा आणि धंद्यात पैसा घालणारा माणूस तेव्हा बहुधा एकच धरला जायचा. संघटन हा वेगळा घटक म्हणून ठळकपणे मांडला तो आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये. पुढे 1921 मध्ये फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक फार उपयोगी फरक दाखवला. काही धोके मोजता येतात, त्यांचा विमा काढता येतो, जसं आग किंवा अपघात. काही गोष्टी मोजताच येत नाहीत. शेजारच्या गल्लीत दुसरा घाणा सुरू होईल का, लोकांची चव बदलेल का, याचा विमा कुणी देत नाही. हा न मोजता येणारा भार जो उचलतो तो उद्योजक, आणि नफा हा त्याचा मोबदला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही काउंटरवर बसता, माल भरता, हिशोब लिहिता, त्याचा मोबदला नफा नाही. तो पगार आहे, कारण ते काम पगारी माणूस करू शकतो. खोलीचं भाडं हा खंड आहे. घातलेल्या पैशावर व्याज आहे. हे सगळं देऊन जे उरेल, तेवढाच नफा. छोट्या धंद्यात आपण एकटेच जमीनमालक, मजूर, सावकार आणि मालक असतो, त्यामुळे चारही पाकिटं एकाच खिशात जातात आणि कुठल्या पाकिटात किती होते ते कळत नाही.

आता पुन्हा माझी वही

त्या रात्रीचा हिशोब असा होता.

पुढची खोली. शेजाऱ्याने तशीच खोली टेलरला 4,000 रुपये भाड्याने दिली होती. माझी खोली घाण्यात अडकली म्हणून माझे 4,000 बुडत होते.

माझे श्रम. घाणा सुरू करण्याआधी मी एका गोडाऊनवर 14,000 रुपयांवर होतो. ती नोकरी सोडून इथे बसलो, म्हणजे माझे 14,000.

बायकोचे श्रम. रोज तीन तास, 25 दिवस, 75 तास. शिलाईतून तिला तासाला 50 रुपये सहज सुटायचे. 3,750 रुपये. काउंटरवरचा वेळ मी यात धरलेलाही नाही.

पैसा. घाणा 2,40,000 आणि सुरुवातीचा माल 60,000, असे तीन लाख आम्ही मुदत ठेव मोडून घातले होते. ठेवीवर 7 टक्के मिळत होते, वर्षाला 21,000, महिन्याला 1,750.

घाण्याची झीज 2,500.

बेरीज : 26,000 रुपये.

वहीत नफा 17,000. घटकांचा मोबदला 26,000. म्हणजे महिन्याला 9,000 रुपयांचा तोटा. आणि मी त्याखाली लाल पेनने दोन रेघा मारत होतो.

यातल्या झिजेचा खर्च कुठलाही अकाउंटंट धरेल. बाकीचे आकडे मात्र कुठल्याच पावतीवर येत नाहीत. एक गोष्ट या कामात गुंतवली म्हणून दुसरीकडे जे मिळालं असतं ते सोडून द्यावं लागलं, त्याची ही किंमत. पुस्तकात तिला संधी खर्च म्हणतात. इन्कम टॅक्सवाल्याला हा खर्च दाखवता येत नाही, त्यांची वही वेगळी. ही वही तुमच्यासाठी, निर्णय घ्यायला.

इथे एक गैरसमज होतो. बॅचमध्ये हा हिशोब मांडला की लगेच कुणीतरी विचारतं, "म्हणजे सर, धंदा बंद करून नोकरी करायची का?" तसं नाही. काहींच्या बाबतीत उत्तर खरंच हो असतं, आणि ते दुसऱ्या वर्षी कळलेलं दहाव्या वर्षी कळण्यापेक्षा बरं. पण आधी बघायचं की चारपैकी कुठला घटक रिकामा बसलाय आणि कुठला जास्त ताणला जातोय.

आमच्याकडे रिकामा कोण होता? घाणा. एका खेपेला 12 किलो दाणे, पाऊण तास. 40 किलोला अडीच तास. म्हणजे 2,40,000 रुपयांचं यंत्र रोज अडीच तास चालून बाकी दिवसभर माझ्यासारखंच बसून होतं. ताणलेली कोण? बायको. आणि मी काउंटरवर मोबाईल बघत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पहिला बदल. आम्ही दारावर बोर्ड लावला : तुमचे दाणे, तीळ, करडई, खोबरं आणा, तेल काढून मिळेल. किलोला 20 रुपये. आमच्या भागात घरचा भुईमूग असणारी बरीच कुटुंबं होती, त्यांना आपल्याच शेतातल्या दाण्याचं तेल हवं होतं. दोन-तीन महिन्यांत रोजचे सरासरी 30 किलो यायला लागले. महिन्याला 750 किलो, 15,000 रुपये. त्यातून जादा लाईट बिल 2,600 आणि मदतनिसाच्या जादा तासांचे 2,400 वजा केले तर 10,000 उरले. यात दाण्यात एक रुपयाही अडकला नाही, कारण दाणे गिऱ्हाइकाचे. जुनाच घाणा, जुनीच खोली. 9,000 चा तोटा गेला आणि 1,000 चा नफा आला. खरा नफा, सगळ्यांचे मोबदले देऊन उरलेला.

घाणा जास्त चालला तर झीजही जास्त होणार, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना शाबासकी. बरोबर आहे. मी तेव्हा ती धरली नव्हती, तुम्ही धरा.

दुसरा बदल. एक किलोच्या बाटल्यांऐवजी नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाच किलोचे सीलबंद डबे द्यायला लागलो. पॅकिंगमध्ये जेवढं वाचलं तेवढा दर उतरवला, तिथे मिळवलं काही नाही. पण भरायचा वेळ तीन तासांवरून एका तासावर आला, आणि तो तास मी घेतला, मला जमत होतंच. बायकोचे 75 तास मोकळे झाले. (कॅन घेऊन आलेल्या माणसाला सुटं तेल मोजून द्यायचा मोह मात्र टाळा, सुटं खाद्यतेल विकणं अन्नसुरक्षेच्या नियमात बसत नाही.)

पुढच्या जूनमध्ये तिने त्याच शाळेचे गणवेश शिवले. पैसे तिच्या खात्यात गेले, घाण्याच्या वहीत नाही.

आता तुमची पाळी

एक कोरं पान घ्या. वर मागच्या महिन्यात हातात उरलेली रक्कम लिहा, जिला तुम्ही आत्तापर्यंत नफा म्हणत होतात. खाली पाच ओळी : तुमच्या जागेला बाहेर भाडं किती आलं असतं, तुम्हाला बाहेर पगार किती मिळाला असता, घरातली जी जी माणसं हात लावतात त्यांचे तास गुणिले त्यांना बाहेर मिळू शकणारा दर, तुमच्या घातलेल्या पैशावरचं ठेवीचं व्याज, आणि मशीनची महिन्याची झीज. कर्ज असेल तर त्याचं व्याज तुम्ही आधीच खर्चात धरलं असेल, ते दोनदा धरू नका.

आकडे ठरवताना थोडं कडक राहा. "मला बाहेर 30 हजार मिळाले असते" असं लिहायच्या आधी तशी नोकरी आज तुमच्या गावात खरंच आहे का ते बघा. आणि जागा आडगावात असेल, तिथे भाडेकरू मिळतच नसेल, तर त्या ओळीत शून्य लिहिलं तरी चालेल. ज्या गोष्टीला दुसरा उपयोगच नाही तिचा संधी खर्च शून्य. आईला सत्तराव्या वर्षी बाहेर कुणी कामाला घेणार नाही म्हणून तिचे तास शून्य, असं मात्र करू नका. तिच्या जागी उद्या माणूस ठेवावा लागला तर त्याला काय द्यावं लागेल, तो आकडा टाका.

मग घरातल्या ज्या माणसाचे तास तुम्ही लिहिले आहेत त्यांना ते पान दाखवा. तास बरोबर धरलेत का, विचारा. माझ्या बॅचमधल्या एका काकांनी चकलीच्या धंद्यात बायकोचे रोजचे दोन तास लिहिले होते. काकूंनी पेन घेतलं, दोनचे पाच केले, आणि खाली भाजणी भाजायचा वेळ वेगळा लिहिला.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत याच पानावरून विक्रीची किंमत कशी ठरवायची ते करू. पान भरून जवळ ठेवा, त्याशिवाय तो व्हिडिओ बघू नका, कळणार नाही.